तंजावर: दोन रात्री, चौदा कॉफ्या आणि भिंतीवरचं मराठी

मिरजेच्या एका टूरवाल्याने आम्हाला छापील पत्रक आणून दिलं होतं. मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी, आणि मध्येच एका ओळीत 'तंजावर: बृहदीश्वर मंदिर दर्शन, दोन तास.' मी एकतीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर काढली. महिन्याच्या पहिल्या तारखेला पेन्शनची रांग दोन तासांत निम्मीसुद्धा होत नाही, आणि हा हजार वर्षांचं देऊळ दोन तासांत उरकायला निघालेला. पत्रक परत केलं. यांना म्हटलं, आपण आपलं जाऊ. फक्त तंजावरला. दोन रात्री.

"एका देवळासाठी दोन रात्री?" हे म्हणाले. हे रेल्वेत होते, त्यामुळे यांना गाव म्हणजे स्टेशन आणि मुक्काम म्हणजे गाडी चुकली असं वाटतं.

मिरजेहून राणी चन्नम्मा धरली, सकाळी बेंगळुरू. दिवस तिथे भाचीकडे काढला आणि संध्याकाळी म्हैसूरकडून येणाऱ्या गाडीत बसलो. पहाटे त्रिची मागे पडलं की खिडकीतून कावेरीचा सपाट मुलूख लागतो. फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता, भाताची कापणी चाललेली. एके ठिकाणी तर अर्ध्या डांबरी रस्त्यावर भात वाळत घातलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यातून एस.टी. निमूट चालली होती. त्यांच्याकडे तिला एस.टी. म्हणत नाहीत हे कळतं, पण लाल नसली तरी एस.टी. ती एस.टी.च.

लॉजबद्दल फार लिहीत नाही. जुन्या बसस्टँडजवळ होतं, चौदाशे रुपये रात्रीचे. गरम पाणी फक्त सहा ते आठ, आणि खिडकी उघडली की बसचे हॉर्न थेट उशीवर. चादरी मात्र स्वच्छ. पुन्हा गेले तर स्टँडपासून दोन गल्ल्या आत राहीन, इतकंच. नाव सांगून कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही.

सामान टाकलं आणि पहिली कॉफी प्यायला बाहेर पडलो. इथे जरा थांबते, कारण या गावाला मी पैकीच्या पैकी गुण देते ते या एका गोष्टीवर.

दुकान कसलं, दोन मीटर रुंदीचा गाळा. पुढे गॅसवर दुधाचं पातेलं, शेजारी पितळी फिल्टर. फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारे दोन डबे, वरच्याच्या बुडाला बारीक भोकं. वर कॉफीची पूड दाबायची, त्यावर उकळतं पाणी, आणि खाली थेंब थेंब काळा अर्क उतरतो. त्याला ते डिकॉक्शन म्हणतात. माणसाने पेल्यात बोटभर डिकॉक्शन घातलं, साखर टाकली, वरून दूध ओतलं, आणि मग पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात असा हातभर उंचीवरून कॉफीचा दोर ओढला. तीनदाच. चौथ्यांदा नाही. त्या पसरट वाटीला 'डबरा' म्हणतात आणि पेल्याला 'टंबलर'. पेला डबऱ्यात उभा करून देतात. पेल्याला काठ असतो, तिथे धरायचं, बाकी कुठेही बोट लावलं तर बोट गेलं. मी बोट लावलं.

चव सांगायची तर, आपल्याकडे हॉटेलात कॉफी म्हणजे चहा संपल्यावर मिळणारं गोड दूध. इथे कडवटपणा आधी येतो, मग दुधाची साय, आणि घोट उतरल्यावर जिभेच्या मागे चिकोरीची भाजलेली चव मागे राहते. पंचवीस रुपये. पाट्यांवर 'डिग्री कॉफी' लिहिलेलं सगळीकडे दिसतं. हे बिरुद मूळ शेजारच्या कुंभकोणमचं. हे शुगरवाले, म्हणून बिनसाखरेची मागितली. त्या माणसाने यांच्याकडे असं पाहिलं की यांनी "अर्धा चमचा चालेल" म्हणून टाकलं. दोन दिवसांत दोघांत मिळून चौदा कप झाले. हिशेब यांनीच डायरीत ठेवलाय.

आता देऊळ. पहिली चूक आमचीच. उत्साहाच्या भरात साडेअकराला गेलो. अंगण दगडी, अफाट, आणि फेब्रुवारी असूनही दुपारचं ऊन तापलेलं. चपला बाहेर. चालायला काथ्याच्या पट्ट्या अंथरलेल्या असतात. पट्टीवरून पाय घसरला की तव्यावर पडल्यासारखं होतं. हे पट्टीवरून पट्टीवर उड्या मारत होते, साठीच्या पुढचा माणूस. गाभारा साडेबाराच्या सुमारास बंद होतो, म्हणून तेवढं घाईत दर्शन घेतलं. गाभाऱ्यातली पिंड एवढी मोठी की पुजारी तिच्यापुढे लहान मुलासारखा दिसतो. बाहेर आलो ते थेट नंदीच्या मंडपाच्या सावलीत. नंदी एका दगडातला, काळाभोर, तेल पिऊन चकाकणारा. तिथे एक गाइड चिकटला. म्हणाला, या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. मी मान डोलावली. दुपारी बाराला कशाचीच सावली फारशी पडत नाही, हे त्याला सांगणं म्हणजे भांडण.

संध्याकाळी पाचला परत गेलो आणि तीच जागा वेगळी निघाली. देवळाचं तोंड पूर्वेला. सूर्य शिखरामागे गेला होता आणि शिखराची लांबच लांब सावली अंगणात पसरली होती. तंजावरची निम्मी जनता त्या सावलीत बसली होती. शाळेच्या मुली दप्तरं उशाला घेऊन, एक आजोबा पेपर वाचत, एक नवरा-बायको हळू आवाजात भांडत. आम्हीही त्याच न पडणाऱ्या सावलीत ऐसपैस बसलो. यांनी वर बघून किती उंच असेल विचारलं. सुमारे दोनशे सोळा फूट, म्हणजे आजच्या वीस मजली इमारतीएवढं, आणि सगळा ग्रॅनाइट. राजराज चोळाने १०१०मध्ये पुरं केलं. आपल्याकडे लेणी खोदली, म्हणजे असलेला दगड काढून टाकायचा. इथे दगड आणून रचलाय. ऊन उतरत गेलं तसा दगडाचा रंग आधी मधासारखा, मग गुळासारखा झाला आणि दिवे लागले. टूरवाले सकाळी आणतात आणि दुपारी नेतात, त्यांच्या गिऱ्हाइकांना हे दिसत नाही. तंजावरला जाल तर संध्याकाळचं देऊळ बघा, सकाळचं नाही बघितलं तरी चालेल.

शिखराच्या जोत्यावर सगळीकडून तमिळ अक्षरं कोरलीत. मला वाचता येत नाहीत, पण त्यातलं एक वाक्य मी घरून पाठ करून गेले होते. राजराजाने देवाला मिळालेल्या देणग्या दगडावर नोंदवायचा हुकूम दिला, त्यात म्हटलंय: आम्ही दिलेलं, आमच्या 'अक्कन'ने दिलेलं, आमच्या बायकांनी दिलेलं. अक्कन म्हणजे थोरली बहीण, कुंदवै तिचं नाव. आपली अक्काच की! एवढ्या मोठ्या राजाने स्वतःच्या नावाखाली लगेच थोरल्या बहिणीचं नाव घातलं, बायकांच्या आधी. पुढे त्याच नोंदींमध्ये देवळात नाचणाऱ्या चारशे बायकांची यादी आहे, कोण कुठल्या गल्लीत, कितव्या घरात राहते इथपर्यंत. पोस्टातल्या बाईला असली यादी बघून काय वाटतं ते इतरांना कळायचं नाही. हजार वर्षांपूर्वीचे पत्ते, आणि घरनंबरासकट! आमच्या भागात अजून 'मारुतीच्या देवळामागे' असं लिहून टपाल येतं.

पण मी इतक्या लांब आले ती तमिळ अक्षरांसाठी नाही. देवळाच्या नैऋत्य बाजूला तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी गणपतीचं देऊळ बांधलंय. तिथल्या भिंतीवर मराठी आहे. बाळबोध अक्षरांत, ओळीमागून ओळ, दगडावर दगड. भोसले घराण्याची सगळी बखर १८०३मध्ये तिथे कोरून ठेवलीय. भारतातल्या सर्वांत लांब शिलालेखांत त्याची गणना होते. शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे १६७६च्या सुमारास इथल्या गादीवर बसले, आणि १८५५मध्ये शेवटचे राजे वारस नसताना गेले म्हणून कंपनी सरकारने राज्य खालसा केलं. म्हणजे जवळजवळ एकशे ऐंशी वर्षं. पेशवाई संपली तरी इथे मराठी राजा होता. किल्ला आणि आसपासचा भाग सोडला तर सगळी सत्ता तेव्हा इंग्रजांकडे गेली होती ही गोष्ट वेगळी.

वाचायला सोपं नाही. अक्षरं लहान, शब्दांत अंतर नाही, काही दगड झिजलेले, आणि भिंतीला हात लावायचा नाही, त्यामुळे बोट हवेत धरून अक्षर अक्षर सरकत जावं लागतं. पहिली दहा मिनिटं काहीच लागेना. मग 'राजे' लागलं. मग त्याच्या आधीचं 'शहाजी'. एकदा एक नाव सापडलं की बाकीची वाक्यं त्याच्याभोवती उभी राहायला लागतात, गर्दीत एक ओळखीचं माणूस दिसलं की त्याच्याबरोबरचे चार दिसतात तसं. मी अर्धा तास तिथे उभी होते. शेजारून एक बसभर माणसं गेली, त्यात मराठीही ऐकू आलं. गाइड त्यांना शिखरावरच्या दगडाचं वजन सांगत होता. भिंतीकडे कुणी वळलं नाही. त्यांचा दोष नाही. दोन तासांत शिखर होतं, भिंत होत नाही.

मला वाचताना बघून हिरवळीवरच्या एक बाई उठून जवळ आल्या. सत्तरीच्या, काठापदराचं लुगडं, नाकात हिरा. "मराठी?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. "आम्हीपण," त्या म्हणाल्या. तंजावरी मराठी मी पहिल्यांदा कानांनी ऐकलं. हेल पुरता तमिळ आणि शब्द आपल्या पणजीचे. दुसऱ्यांदा सांगितल्यावर बहुतेक सगळं समजायचं. घराण्यांची चौकशी, मुलंबाळं हे झाल्यावर त्यांनी विचारलं, घरी डांगर करता का? मला हसूच आलं. आमच्या सासूबाई करायच्या, उडदाचं पीठ ताकात कालवून, वर हिंगाची फोडणी, कच्चा कांदा. त्या गेल्यापासून मी केलेलं नाही, आणि माझ्या सुनेने तर शब्दही ऐकलेला नाही. तिला डांगर म्हणजे भोपळा. या बाईंच्या घरी दर आठवड्याला होतं. डांगर पचडी म्हणतात. त्या उडीद डाळ कोरडी भाजून दळतात आणि ताकाऐवजी दही घेतात. ती कृती मी तिथेच बसून तिकिटाच्या मागे लिहून घेतली.

जेवणाचं सांगायचं तर तिथल्या शाकाहारी मेसमध्ये दुपारी जा. आम्ही गेलो ती मेस पूर्व राजवीथीच्या बाजूला, एका जुन्या घराच्या पडवीत होती. एकशे वीस रुपये पान. केळीचं पान समोर येतं, निमुळता भाग डावीकडे. पाणी शिंपडून तुम्हीच पुसून घ्यायचं. मग वाढपी येत राहतात, कुणी थांबत नाही: पोरियल म्हणजे सुकी भाजी, कूटु म्हणजे डाळीतली भाजी, अप्पळम, लोणचं, आणि भाताचा डोंगर. भाताच्या माथ्यावर खळगा करून आधी सांबार, दुसऱ्या भाताला वत्तकुळंबु, तिसऱ्याला रसम, शेवटी ताक. वत्तकुळंबु म्हणजे वाळवलेल्या फळांची चिंचेतली आंबट-कडू रस्सेदार भाजी. पहिल्या घासाला तोंड वाकडं झालं, तिसऱ्याला मी पुन्हा मागितलं.

आमच्या नशिबाने त्या दिवशी रसवांगी होती. नाव ऐकून मी वाढप्याला तीनदा म्हणायला लावलं. रस-वांगी! वांग्याची चिंच घातलेली दाट डाळ, त्यात धणे, हरभरा डाळ आणि खोबरं भाजून वाटलेलं. आपल्या वांग्याच्या रश्शाशी तिचं नातं नावापुरतंच राहिलंय, गोडा मसाला गेला आणि गूळही. तमिळ घरांत ती रोजची भाजी आहे आणि हे नाव मराठी आहे याची खाणाऱ्याला खबरही नसेल. काकडीच्या कोशिंबिरीला ते 'कोसुमल्ली' म्हणतात, तीसुद्धा पानात होती. आता सांबाराची गोष्ट: संभाजीराजे इथे पाहुणे आले, आमटीला आमसुलं नव्हती, चिंच घातली, आणि राजांच्या नावावरून सांबार झालं. प्रत्येक रिक्षावाला सांगतो. ऐकायला गोड आहे, पण दंतकथा ती दंतकथा. रसवांगीला असली गोष्ट कुणी जोडत नाही, आणि पुरावा मात्र तिच्या नावातच बसलाय.

जेवण झाल्यावर फजिती. यांनी पान दुमडलं ते समोरच्या बाजूला, आपल्यापासून लांब. वाढपी, विशीतलं पोरगं, थबकलं. शेजारच्या गृहस्थांनी हसून खुणेने दाखवलं: आपल्याकडे दुमडायचं, वरची बाजू खाली. बाहेरच्या बाजूला दुमडतात ते तेराव्याच्या जेवणाला. यांनी घाईघाईने पान उलगडून परत दुमडलं आणि उरलेला रसम थेट विजारीवर घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाडा. नायक राजांनी बांधला, मराठ्यांनी वाढवला. दरबार हॉलच्या रंगवलेल्या कमानी बघून घ्या, घंटाघर लांबून छान दिसतं. ब्राँझच्या मूर्तींच्या दालनात मात्र निवांत वेळ द्या. वृषवाहन शिवाची मूर्ती आहे, १०११ सालची, तिरुवेंकाडूला मिळालेली. शंकर एक पाय दुसऱ्यापुढे टाकून आरामात उभा, डोक्याला सापांचा फेटा बांधल्यासारखा जटाभार, आणि एक हात नंदीच्या पाठीवर रेललेला. नंदी नाहीच! तो हरवला. हजार वर्षं हा देव हवेवर हात टेकून उभा आहे, आणि तरी हाताचा भार दिसतो. मनगट सैल, बोटं खाली सुटलेली, कोपराला टेकण मिळाल्यावर खांदा जसा पडतो तसा पडलेला. हे म्हणाले, गाडीची वाट बघणारा माणूस असाच उभा असतो, सामानावर हात टेकून. एरवी मी यांना गप्प केलं असतं.

त्याच आवारात दुसऱ्या सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळा आहे, हात जोडलेला, डोक्यावर त्रिकोणी टोपी. हा माणूस विलक्षण. राज्य नावापुरतं उरलेलं, कंपनीचा तनखा खाणारा राजा. दुसरा कुणी शिकारी आणि नाचगाण्यात गेला असता. सरफोजींनी ग्रंथ जमवले, धन्वंतरी महालात वैद्य बसवले, डोळ्यांच्या रोग्यांचे कागद चित्रांसकट ठेवून घेतले, आणि देवनागरी खिळे पाडून छापखाना काढला. १८०६मध्ये इसापच्या गोष्टी मराठीत तिथे छापल्या गेल्या. पुण्यात तेव्हा पेशवा होता आणि छापखाना नव्हता. ज्यांनी सरफोजींना लहानपणी शिकवलं ते श्वार्ट्झ नावाचे मिशनरी; मोठ्या देवळाच्या शेजारी शिवगंगा बागेत त्यांचं चर्च आहे, १७७९चं. आत फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने कोरलेला संगमरवरी देखावा आहे: श्वार्ट्झ मरणशय्येवर आणि तरुण सरफोजी भेटायला आलेले. देवळात येणाऱ्या शंभरातला एकही तिथे जात नाही. पाच मिनिटांचं अंतर आहे, जा.

सरस्वती महाल ग्रंथालयाचं संग्रहालय राजवाड्यातच. मूळ ग्रंथालय अभ्यासकांसाठी, आपल्याला हे दालन. ताडपत्रं, चित्रं, नकाशे. माणसांचे चेहरे जनावरांच्या चेहऱ्यांशेजारी मांडलेली फ्रेंच चित्रमाला बघून हसू येतं. प्रत्येकाला ओळखीचं कुणीतरी सापडतं. मी मात्र मोडीपुढे थांबले. निवृत्तीनंतर मी मोडीच्या वर्गाला जाते, दर रविवारी. आधी कागदभर शिरोरेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायचं, हात न उचलता. शिकवणारे सर म्हणतात, मोडी वाचता येते असं कधी म्हणू नये, या हाताची मोडी वाचता येते असं म्हणावं. खरंच होतं. काचेखालच्या एका पत्रातले मला 'राजश्री' आणि 'पावले' एवढे दोनच शब्द लागले. हे मागून म्हणाले, "म्हणजे टपाल पोचलं तर." एकतीस वर्षांची नोकरी तेवढ्या एका वाक्यात बसली. या राजांच्या मुदपाकखान्यातल्या पाककृतींचीही हस्तलिखितं इथे जपलीत. डांगर त्यात असणारच, असं मला आपलं वाटतं.

दुपारी तिरुवैयारूला गेलो. तेरा किलोमीटर, साधी बस. कावेरीकाठी कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांची समाधी आहे, आणि ती बांधली एका बाईने, बेंगळुरूच्या गायिका नागरत्नम्मांनी, स्वतःच्या कमाईतून. त्यागराजांच्या उत्सवात तेव्हा बायकांना गायला मज्जाव होता. तो मोडायलाही त्याच उभ्या राहिल्या. त्यांचा पुतळा समाधीकडे तोंड करून बसलाय. साधारण जानेवारीत तिथे शेकडो गायक एकत्र बसून त्यागराजांच्या पंचरत्न कृती, म्हणजे पाच रचना, गातात. आम्ही गेलो तेव्हा मांडवाचे वासे सुटत होते आणि एक कुत्रं झोपलं होतं. शांत होतं. मला आवडलं.

तिरुवैयारूचा अशोका मात्र चुकवायचा नाही. अशोका म्हणजे मुगाच्या डाळीचा हलवा. डाळ शिजवून घोटायची, थोडी कणीक तुपात भाजून त्यात, साखर, आणि तूप, तूप, तूप. रंग केशरी. गरम गरम केळीच्या पानाच्या तुकड्यावर देतात, वर तूप तरंगत असतं. शेजारी तिखट शेव मिळते, ती घ्याच, नाहीतर चौथ्या घासाला गोडाचा वीट येतो. आपल्या मुगाच्या शिऱ्यासारखा रवाळ नाही, जिभेवर ठेवला की सरकतो. यांनी दोन पानं खाल्ली. मी दुसरीकडे बघत होते.

एक सावधगिरीची सूचना. परतताना ज्या रिक्षात बसलो तो माणूस न विचारता एका चित्रांच्या दुकानापुढे थांबला. तंजावरी चित्र म्हणजे फणसाच्या लाकडाची फळी, त्यावर कापड, खडूची पूड आणि डिंक यांचा उठाव, त्यावर सोन्याचा वर्ख आणि खडे. बाळकृष्णाचं फूटभर चित्र दाखवलं, भाव अठरा हजार. मी चष्मा काढून तिरक्या उजेडात धरलं: वर्खाखाली चेहरा छापील होता, ठिपके दिसत होते. न बोलता ठेवून बाहेर आले. दुकानदार मागून नऊ हजार, सहा हजार म्हणत फाटकापर्यंत आला. चित्र घ्यायचं तर जिथे बसून काढतात तिथे जाऊन घ्या, अर्धवट झालेलं चित्र दाखवा म्हणावं. ज्याच्याकडे अर्धवट नाही त्याच्याकडे पुरंही खरं नाही. वीणा बनवणाऱ्यांकडेही एकदा डोकावा. मिरजेत सतारीचा भोपळा बघत वाढलेल्या माणसाला फणसाचं अखंड लाकूड पोखरताना बघणं म्हणजे चुलतभावाचं घर बघणं.

मी घेतली ती साधी मान डोलावणारी बाहुली, दीडशे रुपये. राजा-राणीचं बुडाशी गोल असलेलं जोडपं वेगळं, ते ढकललं तरी परत उभं राहतं. तेही घेतलं, नातवासाठी. आणि पितळी फिल्टर, सातशे. घरी आल्यावर पहिल्या दिवशी पूड जास्त दाबली, सकाळी सातला घातलेलं पाणी साडेनऊला उतरलं. आता जमतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीआधी इडली खाल्ली, सोबत कडप्पा. आंध्रातल्या गावाशी संबंध नाही. मूगडाळ आणि बटाट्याची बडीशेप, खसखस, खोबरं घातलेली पातळ उसळ, बहुधा शनिवार-रविवारीच मिळते. सांबारापेक्षा सरस. पान यांनी स्वतःकडे दुमडलं आणि वाढप्याकडे बघितलं. तो फोनवर होता.

खर्च विचाराल तर दोघांचा, रेल्वे धरून, साडेनऊ हजारांच्या आत झाला. त्यात चौदा कॉफ्यांचे साडेतीनशे आले. परतल्यावर यांची शुगर तपासली त्याचे वेगळे.